आतून लागणारी कडी

करिश्माच्या बापानं एकच अट घातली होती. शाळेच्या वसतिगृहात पोरींसाठी न्हाणी आणि संडास उभा राहिला, त्याला दार बसलं आणि त्या दाराला आतून कडी लागली, तर पोर शिकायला मागं राहील. नाहीतर मुकादमाचा ट्रॅक्टर येईल तेव्हा आईबापांबरोबर तीही ऊसतोडीला जाईल. हा सिदू मुळात कमी बोलणारा, पण बोललेलं फिरवणारा नव्हे. आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकतही नव्हतं.

गेल्या हंगामात वसतिगृहातल्या पोरी पहाटे अंधारातच शाळेमागच्या तुरीत जायच्या. वाशीच्या रस्त्यानं मोटारसायकलवर फिरणाऱ्या टवाळांना त्याचा सुगावा लागला आणि ते गाडीची बत्ती तुरीवर मारून हसत उभे राहू लागले. हे कानावर गेलं तसा सिदू कारखान्यावरून एसटी पकडून आला आणि लेकीला घेऊन गेला. आठवीची परीक्षा राहिली बाजूला. करिश्मानं फडात मोळ्या वाहिल्या, पाचटाच्या कोपीत भाकरी थापल्या, धाकट्या भावाला कडेवर वागवलं. परत आली तेव्हा बरोबरच्या पोरी नववीत होत्या आणि ती पुन्हा आठवीत. टवाळी केली दुसऱ्यांनी आणि वर्ष गेलं हिचं, हा कुठला न्याय? कुणी तो तिला समजावून सांगितला नव्हता आणि तिनंही तो मान्य केला नव्हता.

यंदा मात्र आशा होती. गोरमाळच्या शाळेची डेन्मार्कमधल्या एका शाळेशी जोडी जुळली होती. जोडी जुळवणारा कृष्णराज हा पुण्यातल्या एका संस्थेचा माणूस. अंगात खादी, बोलणं मधासारखं, आणि हातातला फोन कायम आडवा धरलेला. त्यानं पडद्यावर तिकडची मुलं दाखवली होती. मार्टा नावाच्या एका केस कापलेल्या मुलीनं विचारलं होतं, तुम्हाला कशाची गरज आहे? करिश्मा उठून म्हणाली होती की आतून कडी लागणारं दार पाहिजे. कृष्णराजनं त्याचं इंग्रजी करताना स्वच्छता, सबलीकरण असं बरंच काय काय घातलं. दार आणि कडी मात्र त्यात कुठं आली नाही. मग करिश्मानंच विचारलं होतं की आम्ही तुमच्यासाठी काय करायचं? त्याचं कृष्णराजनं भाषांतरच केलं नाही. तिला हळूच म्हणाला, तू फक्त थँक्यू म्हण.

तिकडच्या मुलांनी वर्षभर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या धुतल्या, केक विकले आणि बांधकामाचा खर्च उभा केला. विटा आल्या, सिमेंट आलं, पत्र्याची दारं आली, आणि सगळा माल शाळेच्या मागच्या खोलीत कुलपात पडला. चावी कृष्णराजच्या खिशात. सुट्टीत ती मुलं स्वतः येणार होती, सेवा करायला. कृष्णराजनं मुख्याध्यापक गौरीशंकर सरांना निरोप धाडला, की पाहुणे आल्यावर संडासाचा शोषखड्डा स्वतःच्या हातानं खणतील, गावकऱ्यांनी फक्त स्वागताची तयारी ठेवावी.

सरांनी हा निरोप मारुतीच्या पारावर वाचून दाखवला आणि गावात नुसता हलकल्लोळ झाला. पाहुणे खड्डा खणणार? सातासमुद्रापलीकडून आलेल्या लेकरांच्या हातात कुदळ द्यायची आणि आपण पारावर बसून बघायचं? वसतिगृहात स्वयंपाक करणारी कडूबाई, जिला अख्खं गाव आजी म्हणतं, तिनं तर कपाळालाच हात लावला. ज्या गावात पाहुण्याला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलू देत नाहीत, त्या गावाची अब्रू हा पुण्याचा माणूस वेशीवर टांगायला निघालाय, असं तिचं म्हणणं पडलं. कुणी ते खोडून काढलं नाही. खोडायचं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाव कुदळी, फावडी, टोपली घेऊन शाळेमागं हजर झालं. वरची काळी माती लवकर सरली, खाली मुरूम लागला. पुरुष खणत होते, बाया टोपली वर ओढत होत्या, पोरं दगड वेचत होती. करिश्मा तर सुट्टीची घंटा झाली की दप्तर फेकून खड्ड्यात उतरायची. तळहातांना फोड आले तरी वर येईना. तिला तो खड्डा नव्हताच दिसत, तिला दार दिसत होतं. लिंबाजी गवंड्यानं आतून दगड रचून दिले. काम इतकं देखणं झालं की बांधावरून जाणारे-येणारे थांबून वाकून बघायचे. गौरीशंकर सरांनी मोठ्या कौतुकानं त्याचे फोटो काढून कृष्णराजला पाठवले, आणि शाबासकीची वाट बघत बसले.

शाबासकी राहिली बाजूला, मंगळवारी कृष्णराज स्वतःच गाडी घेऊन आला. मध पार आटला होता. हे काय करून बसलात, असं त्यानं सरांना सगळ्यांच्या देखत विचारलं. मुलं वर्षभर तयारी करून येतायत, त्यांच्या शाळेला चित्रीकरण दाखवायचंय, पहिली कुदळ कोण मारणार हेसुद्धा ठरलंय. आता ती येऊन करणार काय, खड्ड्याकडे बघत बसणार? काही केल्याचं समाधान मिळालं नाही तर पुढच्या वर्षी ही शाळा सोडून दुसरी धरतील, आणि मग त्यांच्याच पैशावर चालणारं वसतिगृहाचं संध्याकाळचं जेवण कुठून येणार ते गावानं बघावं. शेवटचं वाक्य त्यानं हळू आवाजात उच्चारलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. सरांचा चेहरा उतरला.

उपाय त्याच्याकडे तयारच होता. खड्डा बुजवायचा. दगड तसेच राहू द्यायचे, वर मुरूम ढकलायचा. पाहुणे बुधवारी दुपारी येतील आणि दोन-तीन दिवसांत तो उकरून काढतील. मऊ मुरूम, मुलांना त्रासही नाही. बांधकाम त्यानंतर.

लिंबाजी गवंडी डोकं खाजवत म्हणाला की उद्या विटा हातात मिळाल्या तर रविवारपर्यंत भिंती आणि दार होतंय. पण बुजवून परत उकरायचं म्हटलं तर दिवाळी उजाडेल. करिश्मा तिथंच उभी होती. मुकादमाचा ट्रॅक्टर रविवारी येणार होता. 

ती सरांकडे गेली. सर म्हणाले की बाळा, वरच्यांपुढं आपलं काय चालतं. ती कडूबाईकडे गेली. कडूबाईनं कृष्णराजला शिव्या घातल्या, अगदी मनापासून घातल्या, पण शिव्यांनी खड्डा उघडा राहत नाही. घरी सिदू कोयत्यांना धार लावत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि नुसतं विचारलं, दार बसतंय का न्हाय?  आई सिताबाई करिश्माच्या पेटीत कपडे घालत होती. लेकीकडे न बघता तिनं पेटीचं झाकण लावून टाकलं.

बुधवारी सकाळी गावातल्याच वैजनाथचा जेसीबी शाळेमागं घरघरत आला. हातानं उकरायला मिळावं म्हणून यंत्रानं बुजवायचं, ही अक्कल कुठल्या शाळेत शिकवतात देव जाणे. वैजनाथनं बादली मुरमाच्या ढिगाला लावली, खाली बघितलं, आणि हात तिथंच थांबवला. खड्ड्याच्या तळाशी, दगडाला पाठ टेकून, मांडी घालून करिश्मा बसली होती.

कृष्णराज काठावर आला. आधी गोड बोलला, मग समजावलं, मग चिडला. तुझ्यासारख्या मुलींसाठीच आम्ही एवढी धडपड करतो, असं म्हणाला. करिश्मा मान वर करून बघत राहिली. भीती तिला वाटत होतीच, हात तिनं मांडीखाली दाबून धरले होते. पण आवाज थरथरला नाही.

"सर, ह्यो खड्डा खणून झालाय," ती म्हणाली. "बुजवायचाच आसंल तर माझ्यासकट बुजवा."

गौरीशंकर सर काठावर येऊन विनवू लागले. त्यांचं बोलणं संपायच्या आतच वसतिगृहातली अर्पिता शिडीवरून खाली उतरली आणि करिश्माशेजारी बसली. तिच्यामागून शिवांजली, मग वसतिगृहातल्या बाकीच्या सगळ्या. तुरीच्या रानात त्या बत्तीच्या उजेडात उभं राहायची लाज त्यांनाही ठाऊक होती. कुणी कुणाला बोलवावं लागलं नाही. खड्ड्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. वैजनाथनं जेसीबी बंद केला, चावी काढून खिशात टाकली आणि खाली उतरला. कृष्णराज त्याच्याकडे वळला तसा तो म्हणाला, "सायेब, त्यात माझी शिवांजलीबी हाय. तुमी दुसरा ड्रायव्हर बघा."

एवढ्यात वेशीवर हलगी वाजली. पाहुणे वेळेच्या आधीच आले होते. कृष्णराज पळाला, चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू आणलं, आणि कडूबाई सगळ्यांना ओवाळेपर्यंत त्यांना पुढच्या अंगणात थोपवून धरलं. पण मुलं ती मुलंच, डेन्मार्कची काय आणि गोरमाळची काय. मार्टा विचारत सुटली, करिश्मा कुठं आहे? आणि पहिलीतल्या एका चिमुरडीनं तिचं बोट धरून तिला सरळ शाळेमागं नेलं. मागोमाग सगळीच आली.

खड्ड्याच्या काठावर गोऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कृष्णराज त्यांच्या उंच शिक्षिकेला सांगत होता की हा इथला स्वागताचा खेळ आहे. हे इंग्रजी करिश्माला समजलं, आणि तिचं डोकं सणकलं. खेळ? ती उठून उभी राहिली. इंग्रजीत आजवर ती फक्त धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. आता एकेक शब्द वेचून तिनं वाक्यं जुळवली. हा खड्डा आम्ही खणला. तुम्ही पाहुणे आहात, म्हणून तुम्ही यायच्या आधी खणला. हे पुण्याचे सर तो बुजवणार आहेत, म्हणजे तुम्ही तो परत खणाल. रविवारपर्यंत दार बसलं नाही, तर मी शाळेतून जाईन.

चार वाक्यं. व्याकरण थोडं लंगडत असेल, पण काठावर कुणी हललं नाही. शिक्षिकेनं कृष्णराजला विचारलं, हे खरं आहे? तो म्हणाला, थोडा गैरसमज झालाय. तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा तो फोन चाळायला लागला. बाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

मार्टा मात्र रडायलाच लागली. आम्हाला वाटलं होतं की आमची गरज आहे, असं काहीतरी ती म्हणत होती. करिश्माला आधी रागच आला. शाळा आपली सुटणार आणि रडायचं हिनं? मग तिनं मार्टाच्या हातांकडे बघितलं. कोरे करकरीत हातमोजे, त्यांच्यावरची दुकानाची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. घरून निघाल्यापासून पोरीनं ते हातात घट्ट धरले असावेत. काम करायला आलेलं माणूस आणि त्याला कामच नाही, ही गत किती वाईट असते ते करिश्माला कळत होतं. राग गेला असं नाही, पण तो मार्टावरून उठला आणि जिथं बसायला पाहिजे तिथं जाऊन बसला.

ती शिडीवरून वर आली. मुरमानं माखलेला हात तिनं कृष्णराजपुढं धरला आणि म्हणाली, "चावी द्या."

त्यानं शिक्षिकेकडे बघितलं. शिक्षिका त्याच्याकडे बघत होती. गाव बघत होतं. पुण्याच्या माणसानं खिशात हात घातला आणि चावी काढून दिली.

करिश्मानं मार्टाला खूण केली, त्या खोलीतल्या विटा इथवर आणायच्यात, चल. मार्टानं डोळे पुसून हातमोजे चढवले. आता सगळं मार्गी लागलं म्हणावं, तर कडूबाई ओवाळणीचं ताट घेऊन वाटेत उभी. वीट? पाहुण्यांनी? ती जिवंत असेपर्यंत हे व्हायचं नाही. खड्डा वाचवायला निम्मं गाव करिश्माच्या बाजूला आलं होतं. त्यातलं निम्मं आता कडूबाईच्या बाजूला सरकलं. कृष्णराजशी भांडणं सोपं होतं. जिच्या हातचं रोज खायचं तिच्याशी कसं भांडायचं? पण रविवार कुणासाठी थांबणार नव्हता.

"आजी," करिश्मा म्हणाली, "तुमच्या नातीच्या लग्नात येडशीची पाव्हणी आली, ती काय वट्ट्यावर बसून ऱ्हायली का? आल्या-आल्या पदर खोचून पुरणपोळ्या लाटायला बसली. तुमीच पोळपाट सरकवला तिच्याकडं. का सरकवला?"

"ती घरची हाय," कडूबाई म्हणाली.

"काम सांगितलं म्हणूनच घरची झाली ना? ह्यास्नी बी घरचंच करायचंय मला. नुसतं ओवाळून किती दिवस लांब उभं करायचं?"

 त्या परक्या लेकरांकडे कडूबाईनं नीट बघितलं, उन्हानं तांबडी झालेली नाकं, हातमोजे घालून ताटकळलेले हात. मग ताट खाली ठेवत ती म्हणाली, "आधी भाकरी खातील. मगच वीट उचलतील. उपाशी पोटी माझ्या घरच्यांनी कदी काम केलं न्हाय."

भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आमटी खाऊन, ठसका लागून, डोळ्यांतून पाणी काढून झाल्यावर विटा निघाल्या. खोलीपासून खड्ड्यापर्यंत माणसांची साखळी लागली. एक गोरमाळची, एक डेन्मार्कचा, अशी वीट हातोहात सरकत होती. लिंबाजीला पाहुण्यांची भाषा येत नव्हती, पण चुकीच्या ठिकाणी वीट ठेवली की तो तोंडानं असा आवाज काढायचा की तो कुठल्याही देशात समजावा. कृष्णराज आधी दूर उभा होता. मग त्यानं फोन आडवा धरला, तर शिक्षिकेनं त्याच्या दुसऱ्या हातात वीट दिली. दोन्ही हातांना काम लागलं की फोन आपोआप खिशात जातो.

विटांच्या मागं एक काळा गुळगुळीत दगड सापडला. हे बांधकाम डेन्मार्कच्या विद्यार्थ्यांनी केले, असं त्यावर इंग्रजीत कोरलेलं होतं. एक वीटही रचली जायच्या आधी कोरून झालं होतं. शिक्षिकेनं ते वाचलं आणि मान हलवून बाजूला झाली. कडूबाईनं दगडावरून हात फिरवला, वितीनं मापला, आणि धुणं धुवायला लई नामी दगड हाय म्हणाली. लिंबाजीनं तो न्हाणीत पालथा बसवून टाकला. आजही गोरमाळच्या पोरी त्याच्यावर कपडे आपटतात.

मार्टानं एका दुपारी विटेवर बसून करिश्माला विचारलं, पडद्यावर तू त्या दिवशी आम्हाला काय विचारलं होतंस? करिश्मानं सांगितलं, की आम्ही तुमच्यासाठी काय करायचं. मार्टानं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाली की पुढच्या वेळी खड्डा खणायच्या आधी आम्हाला बोलवा. आम्हालाही पहिल्यापासून सोबतीला घ्या. करिश्मा म्हणाली, बघू. इतक्यात वचन द्यायला ती काही पुण्याच्या संस्थेत नव्हती.

रविवारी भिंती उभ्या होत्या. गिलावा नव्हता, वर पत्रा पडायचा होता, डोक्यावर उघडं आभाळ. सकाळी दार बसलं. लिंबाजी कडीचा शेवटचा खिळा ठोकत असतानाच रस्त्यावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोयते, शेळी, धाकटा भाऊ, आणि सगळ्यात वर करिश्माची पेटी. सिताबाई पेटीला धरून बसली होती. सिदू खाली उतरला आणि शाळेमागं आला. त्याच्या पायांत घाई होती, मुकादम मागून ओरडत होता.

 करिश्मा आत गेली आणि तिनं दार लावून आतून कडी घातली.

"करिश्मा," बाहेरून सिदू म्हणाला, "दार उघड. मुकादम खोळंबलाय."

"आबा, ढकलून बघा."

सिदूनं हातानं ढकललं. दार जागचं हललं नाही.

"जोरानं ढकला. अंधारात कुणी आल्यावर ढकलील तसं."

 मग उसाची मोळी उचलून उचलून घट्ट झालेला तो खांदा दारावर आदळला. पत्रा दणाणला. आत करिश्माचे दात एकमेकांवर दाबले गेले. पुन्हा खांदा आदळला, आधीपेक्षा जोरात, आणि बाप लेकीसाठीच लेकीच्या दारावर धडका देतोय हे शाळेमागं जमलेलं सगळं गाव बघत होतं. तिसऱ्या धडकेनंतर सिदू थांबला. त्याचा श्वास तिला दाराच्या फटीतून ऐकू येत होता. कडी जागची हलली नव्हती.

"सिते," तो वळून ओरडला, "पोरीची पेटी उतरव."

मुकादम काहीतरी बडबडला, सिदूनं त्याला उलट उत्तर दिलं. मग पेटी जमिनीवर टेकल्याचा आवाज करिश्मानं स्वतःच्या कानांनी ऐकला. तेव्हाच तिनं, स्वतःच्या हातानं, आतून कडी काढली.